मुशीचे वय

बालाघाट जिल्ह्यातील रामपायली हे गाव चंदन नदीच्या काठी वसले आहे. चंदन नदीचे पाणी वैनगंगेस मिळते. वैनगंगा आणि वर्धा यांच्या संगमातून प्राणहिता निर्माण होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि गोदावरी ते सारे पाणी बंगालच्या उपसागराच्या स्वाधीन करते. नकाशात समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर दिसतो. परंतु वाहत्या पाण्याने हे गाव सागराशी जोडलेलेच आहे. शिवाय शार्क हा प्राणी या नद्यांच्या प्रदेशाला अगदीच परका आहे, असेही नव्हे. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात मालेरी या नावाने ओळखले जाणारे फार जुने खडक आहेत. सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वीच्या त्या खडकांत गोड्या पाण्यात राहणाऱ्या शार्क माशांचे बारीक दात सापडलेले आहेत. ते शार्क केव्हाच लोपले. त्यांचे दूरचे आप्त मात्र आजही सागरात वावरत आहेत. कोकणच्या किनाऱ्यावर त्यांना मुशी म्हणतात, कोठे मोरी म्हणतात.

शार्कवर्गाचा इतिहास 40 कोटी वर्षांहूनही जुना आहे. पर्वत उभे राहिले आणि झिजून गेले, प्रचंड सरडे आले आणि नाहीसे झाले. या सर्व उलथापालथीतून हे कूळ टिकले. मग ज्याने एवढा काळ काढला, त्याच्या अस्तित्वाला गेल्या साठसत्तर वर्षांतच धोका का उत्पन्न व्हावा? या मोठ्या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी सागरी जीवशास्त्रज्ञांना आधी एक लहानसा प्रश्न सोडवावा लागला. समोर पडलेल्या शार्कचे वय किती?

हा प्रश्न प्रथमदर्शनी निव्वळ कुतूहलाचा वाटेल. वस्तुतः त्यात सारा व्यवहार सामावलेला आहे. बालाघाटच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच्या जिल्ह्यात धानाचे पीक येते आणि सागवानाचे रानही आहे. धान चारपाच महिन्यांत हाती येते. ते कापले तरी पुढच्या पावसाळ्यात बांध पुन्हा हिरवे होतात. सागवानाला मात्र तोडण्याजोगे व्हावयास कित्येक दशके लागतात. धानाच्या हिशेबाने जो सागवान तोडील, त्याच्या हाती थोड्याच वर्षांत नुसते खुंट उरतील. बाजारात येणारी बहुतेक मासळी ही धानासारखी असते. रोहूची एक पुष्ट मादी एका हंगामात लाखो अंडी टाकते. त्यांतली बहुतेक नष्ट झाली तरी उरलेल्यांतून तळे भरते, आणि दोनेक वर्षांत ती पिल्लेही वीण देऊ लागतात. शार्क हा मासाच, परंतु त्याची रीत निराळी आहे. तो पाण्यातला सागवान आहे.

ही तुलना शोभेसाठी केलेली नाही. वाघीण साडेतीन महिन्यांत विते आणि तीनचार वर्षांची झाली म्हणजे तिला पहिली पिल्ले होतात. नद्यांच्या मुखातून गोड्या पाण्यात शिरणारा बुल शार्क घ्या. त्याची मादी दहाअकरा महिने गर्भ वाहते, तिला एका वेळी फार तर डझनभर पिल्ले होतात, आणि ती प्रसवक्षम होण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. म्हणजे संततीच्या बाबतीत हा मासा माशांपेक्षा वनातील मोठ्या पशूंच्या अधिक जवळचा, किंबहुना वाघापेक्षाही मंद आहे. वाघाची शिकार करताना धानाचा हिशेब चालत नाही हे आपल्या देशाला उशिरा का होईना उमगले. शार्कच्या बाबतीत तो हिशेब अजून पुष्कळ ठिकाणी चालूच आहे.

या अभ्यासातील एक महत्त्वाचे पाऊल मराठी मुलखातच, मुंबईच्या किनाऱ्यावर पडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशातून येणारे कॉड माशाचे तेल दुर्मिळ झाले. अ जीवनसत्त्वासाठी डॉक्टर ते मुलांना देत असत. त्याची जागा घेण्यासाठी शार्कच्या यकृतातून तेल काढण्याचा उद्योग हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उभा राहिला आणि मुंबई सरकारच्या मत्स्यखात्यानेही तो हाती घेतला. शार्कला एकाएकी मोल आले. त्याच सुमारास त्या खात्यातील डॉ. एस. बी. सेटना आणि पी. एन. सारंगधर हे दोन शास्त्रज्ञ मुंबईच्या पाण्यातील शार्क, पाकट आणि त्यांच्या आप्तांचा अभ्यास करीत होते. कोणत्या जाती येथे मिळतात, त्यांची मादी केव्हा गाभण राहते, तिच्या पोटात पिल्ले किती व कशी वाढतात, यांवरील त्यांचे निबंध 1946 पासून पुढील दोनतीन वर्षांत प्रसिद्ध झाले. शार्कच्या तेलाचा बाजार पुढे कृत्रिम अ जीवनसत्त्व निघाल्यावर मंदावला. त्या निबंधांचा उपयोग मात्र आजही होतो.

त्यांनी ज्या जातींचा बारकाईने विचार केला, त्यांत फावड्यासारख्या चपट्या नाकाची एक लहान मुशी होती. शास्त्रज्ञ तिला स्कोलिओडॉन म्हणतात. मुंबईच्या मासळीबाजारात कोळिणीच्या पाटीत सर्वांत अधिक दिसणाऱ्या मुशींपैकी ती एक होय. तिची लांबी क्वचितच पाऊण मीटरच्या जवळ जाते. तिचे अंडे अवघे एक मिलिमीटरभर व्यासाचे, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान असते. एवढ्या अंड्यातील बलकावर पिल्लू वाढणे शक्य नाही; म्हणून निसर्गाने तेथे दुसरी तजवीज केली आहे. सस्तन प्राण्यांच्या गर्भाप्रमाणे तिची पिल्ले नाळेने आईच्या गर्भाशयाशी जोडलेली असतात आणि आईच्या रक्तातून पोषण घेतात. काही शार्कांत अशी नाळ असते, हे ॲरिस्टॉटलने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नमूद केले होते. त्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. 1842 साली योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने ते खरे करून दाखविले. मुंबईच्या या लहान मुशीत ही व्यवस्था फारच पूर्णत्वाला पोहोचलेली आहे.

सुमारे पाच-सहा महिन्यांनी तिची पिल्ले जन्माला येतात. ती 13 ते 15 सेंटिमीटर लांबीची असतात, आणि एका वेळी चौदापर्यंत, कधी त्याहूनही अधिक होतात. एकदोन वर्षांत ती स्वतः वीण देऊ लागतात, आणि पाच-सहा वर्षांत त्यांचे आयुष्य सरते. शार्ककुळात ही गती अपवादात्मक वेगाची आहे. एवढी मासेमारी होऊनही ही लहान मुशी अजून बाजारात दिसते याचे मुख्य कारण हेच. मोठ्या जातींच्या वाट्याला हे भाग्य आलेले नाही.

आता वयाकडे वळू. सामान्य माशाचे वय त्याच्या खवल्यावरील किंवा कानातील खड्यावरील वर्तुळे मोजून सांगता येते. शार्कला ही सोय नाही. त्याचे खवले दातांसारखे असतात, ते गळतात आणि नवे येतात. कानातील तसा खडाही त्याला नसतो. त्याच्या अंगात हाड नाही, सारा सांगाडा कूर्चेचा. परंतु पाठीच्या मणक्यांत चुना साठत जातो. मणक्याचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला म्हणजे त्यात फिकट आणि गडद अशी एकाआड एक वर्तुळे दिसतात. वाढीच्या वेगाबरोबर त्यांची घनता बदलते. सागवानाच्या कापलेल्या खोडावर जशी वर्षावर्षाची कडी दिसतात, त्याच जातीची ही नोंद होय.

मात्र वर्तुळे दिसली म्हणजे वय कळले, असे नाही. एका वर्षाला एकच जोडी उमटते, हे प्रत्येक जातीपुरते सिद्ध करावे लागते. त्यासाठी जिवंत शार्कला पकडून, टेट्रासायक्लिन हे औषध टोचून, खुणेचा बिल्ला लावून सोडतात. औषधाची खूण मणक्यात राहते. तो मासा काही वर्षांनी पुन्हा सापडला, तर त्या खुणेबाहेर किती वर्तुळे उमटली हे मोजता येते. या मार्गाने जे हाती येते ते एका वक्ररेषेत मांडतात: वय आडव्या अंगाला, लांबी उभ्या अंगाला. रेषा आरंभी भराभर चढते आणि मग सपाट होऊ लागते, जशी मुलाची उंची सोळासतराव्या वर्षानंतर थबकते. ती कोठे वळते यावरून त्या जातीला मोठे होण्यास किती वर्षे लागतात, आणि म्हणून दर वर्षी किती मासे काढले तर ती टिकेल, याचा अंदाज बांधता येतो.

यात एक खाच आहे. मासा म्हातारा झाला की त्याची वाढ जवळजवळ थांबते आणि नवी वर्तुळे इतकी दाटीने उमटतात, की ती मोजता येत नाहीत. त्यामुळे पुष्कळ शार्कांचे वय प्रत्यक्षापेक्षा कमी धरले गेले होते. ही चूक दुरुस्त करण्यास अणुबाँबची मदत झाली, ही इतिहासाची एक चमत्कारिक गोष्ट आहे. 1950 ते 1963 या काळात उघड्या हवेत अणुचाचण्या झाल्या, तेव्हा वातावरणातील किरणोत्सर्गी कार्बन जवळजवळ दुप्पट झाला. तो पाण्यात उतरला, अन्नातून माशांच्या शरीरात गेला आणि मणक्याच्या त्या त्या वर्षाच्या वर्तुळात साठून राहिला. ज्या वर्तुळात तो एकदम वाढलेला दिसतो ते त्या काळातले, अशी एक तारीखच त्यामुळे मिळाली. 2020 साली या पद्धतीने व्हेल शार्कच्या मणक्यांचे परीक्षण प्रसिद्ध झाले. पाकिस्तानच्या किनाऱ्यावरील, म्हणजे आपल्याच अरबी समुद्रातील, सुमारे 10 मीटर लांबीच्या एका व्हेल शार्कचे वय 50 वर्षे निघाले. उत्तरेकडील बर्फाळ समुद्रातील ग्रीनलंड शार्कची गोष्ट तर याहून अद्भुत आहे. 2016 साली त्याच्या डोळ्याच्या भिंगावरून काढलेल्या अंदाजात सर्वांत मोठ्या मादीचे वय सुमारे 392 वर्षे आले. यात शंभरसव्वाशे वर्षे इकडे तिकडे होऊ शकतात. तरी मधला आकडा धरल्यास ती मादी शिवजन्माच्या आधीची ठरते. या जातीला पहिली वीण देण्यास सुमारे दीडशे वर्षे लागत असावीत.

हा प्राणी इतका मंद असूनही कोट्यवधी वर्षे कसा टिकला? उत्तर असे, की प्रौढ शार्कला मारणारे समुद्रात फारसे कोणी नव्हते. ज्याला शत्रू थोडे त्याला संतती थोडी पुरते. वनातही हाच नियम दिसतो. कान्हाचे रान मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. तेथे वाघ असल्याने हरणे एकाच कुरणावर दिवसरात्र चरत राहत नाहीत. ती सावध असतात, जागा बदलतात आणि गवताला पुन्हा फुटावयास अवकाश मिळतो. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील शार्क बे येथे शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पाहिले, की टायगर शार्क जवळ असले म्हणजे समुद्रगवत खाणारे ड्युगाँग धोक्याची उथळ कुरणे टाळतात. शार्कने एकही ड्युगाँग मारला नाही, तरी केवळ त्याच्या धाकाने गवताचे रक्षण होते. जंगलात असो वा पाण्यात, शिकारी प्राण्याचे काम केवळ मारणे हे नव्हे.

परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शार्कला एक नवा शत्रू भेटला. यांत्रिक होड्या, मैलभर पसरणारी जाळी आणि परदेशात पराच्या सारासाठी मिळणारा भरमसाठ दाम यांनी जुने गणित मोडले. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाप्रमाणे खुल्या महासागरातील शार्क व पाकटांची संख्या 1970 नंतरच्या अर्धशतकात 71 टक्क्यांनी घटली. भारत हा शार्क पकडणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक आहे. आपल्याकडे मात्र केवळ परदेशी सूपाला दोष देऊन भागणार नाही. डॉ. दिव्या कर्नाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरात व महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांशी बोलून केलेला अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. शार्क कमी झाले आणि आकारानेही लहान मिळू लागले, हे मच्छीमारांनी स्वतःच सांगितले. आणि देशातल्या देशात लहान मुशीच्या मांसाला असलेली मागणी हेही त्यामागचे एक मोठे कारण असल्याचे त्यातून दिसून आले. लहान मुशी म्हणजे नेहमीच लहान जातीची नव्हे. पुष्कळदा ती मोठ्या जातीचे पिल्लू असते. ते वीण देण्याआधीच ताटात येते.

फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर घडलेली घटना या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. मासळीच्या ढिगात संशोधकांना 266 सेंटिमीटर लांबीची एक मादी आढळली. ती गंगा शार्क या नावाच्या अत्यंत दुर्मिळ जातीची निघाली. ही जात नद्या आणि नदीमुखांशी निगडित असून तिची नोंद गेल्या दहाहून अधिक वर्षांत झालेली नव्हती. रीमा जबाडो, पीटर काइन, इव्हान नाझरेथ आणि दीपानी सुतारिया यांनी 2018 साली हा शोध जाहीर केला. जात अजून जिवंत आहे ही आनंदाची वार्ता. पण ती वार्ता एका मेलेल्या मादीने आणली, हा त्यातील खेद होय.

मग करावयाचे काय? कायद्याने काही पावले टाकली आहेत. 2001 साली व्हेल शार्क आणि गंगा शार्कसह काही जातींना वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. 2013 साली पर कापून धड समुद्रात फेकण्यास मनाई झाली. 2015 साली परांची निर्यात बंद करण्यात आली. महाराष्ट्रात 2018 च्या डिसेंबरपासून, जाळ्यात सापडलेला संरक्षित प्राणी जिवंत सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू झाली. ही योजना विशेष मोलाची आहे. डोल किंवा ट्रॉलरचे जाळे मुशीची निवड करीत नाही. जे येईल ते ओढते. कोळी असो, गाबीत असो वा वसईचा ख्रिस्ती मच्छीमार असो, त्याने जाळे कापावयाचे म्हणजे घरची भाकरी कापावयाची. समाजाने ते नुकसान वाटून घेतले, तरच त्याच्याकडून दयेची अपेक्षा करण्याचा समाजाला अधिकार पोहोचतो.

2023 साली महाराष्ट्र शासनाने 54 जातींच्या मासळीसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. अशा नियमांच्या मुळाशी वयाचे आणि वाढीचे संशोधन असते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मासा कोणत्या लांबीला पहिली वीण देतो हे ठाऊक नसेल, तर किमान आकार ठरविणार कशावरून? मादी कोणत्या महिन्यांत आणि कोठे पिल्ले घालते हे ठाऊक नसेल, तर कोणते पाणी काही काळ मोकळे ठेवावे हे सांगणार कोण? सेटना आणि सारंगधर यांनी गाभण माद्या चिरून मोजलेली पिल्ले आणि आजच्या प्रयोगशाळेत मोजली जाणारी मणक्यातील वर्तुळे या दोहोंचा उपयोग येथे होतो.

वनाच्या बाबतीत हे काम मोजणीने साधले. कान्हातील बारशिंगे 1970 साली अवघी 66 उरली होती. ती मोजली गेली म्हणून संकट कळले, संकट कळले म्हणून राखण झाली, आणि पुढे त्यांची संख्या शेकड्यांत गेली. समुद्राचे पाणी झाकलेले आहे. तेथे उभे राहून कोणाला कळप मोजता येत नाही. बंदरावर उतरणारी मासळी, तिचे पोट आणि तिचा मणका एवढीच काय ती कागदपत्रे शास्त्रज्ञाला उपलब्ध असतात. ती वाचण्याचे काम कष्टाचे, वासाचे आणि फारशा कौतुकाचे नाही. मात्र ते जेथे थांबते, तेथे एखादी जात संपल्याचे तिच्या अखेरच्या मासळीनंतरच कळते.

धान पेरणाऱ्याला बियाणे वेगळे काढून ठेवण्याची सवय असते. घरात कितीही अडचण आली तरी त्या कणगीला तो हात लावीत नाही. मुशीची मादी ही सागराची तशी कणगी आहे. ती भरण्यास किती वर्षे लागतात, हे आता मणक्यावरील वर्तुळांनी सांगितले आहे. तेवढी वर्षे तिला द्यावयाची की नाही, हे ठरविणे मात्र माणसाकडे आहे.